द्वारपंडित आणि ‘अप्लाय नाऊ’

सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएनत्संग नालंदा विद्यापीठात आला, राहिला, शिकला. परत गेल्यावर त्याने जे लिहून ठेवलं, त्यात तिथल्या दारावरच्या माणसाचाही उल्लेख आहे. हा माणूस पहारेकरी खरा, पण चांगला पढीक. बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला तो दारातच अवघड प्रश्न विचारायचा आणि दहातले सात-आठ जण तिथूनच मागे फिरायचे. कुठून कुठून चालत आलेली माणसं! डोंगर, नद्या, दरोडेखोर पार करून इथवर पोचायचं आणि दारातल्या म्हाताऱ्याने एका प्रश्नात वाटेला लावायचं. (म्हातारा हे माझं आपलं. तो तरुणही असेल. पण अडवणारा माणूस माझ्या डोळ्यांपुढे म्हाताराच येतो, त्याला काय करणार?)

मला ज्या कामाचे पैसे मिळतात, ते याच्या बरोबर उलटं आहे. एखाद्या विद्यापीठाला ऑनलाइन पदवीसाठी विद्यार्थी हवे असतात आणि त्यासाठी वेबसाइटवर एक पान हवं असतं. त्या पानावर काय लिहायचं, कुठे लिहायचं, बटण कुठल्या रंगाचं आणि त्यावर ‘अर्ज करा’ की ‘अप्लाय नाऊ’, हे मी आणि माझ्याबरोबरची डिझायनर मुलगी मिळून ठरवतो. म्हणजे आम्ही सुचवतो, ठरवतं दुसरंच कुणीतरी. आलेल्या दहांतला एकही परत जाता कामा नये, एवढीच अपेक्षा असते. त्याला अवघड प्रश्न विचारायचा नाही. विचारायचाच तर एक सोपा विचारायचा: मोबाइल नंबर काय?

अशी पुष्कळ पानं केल्यावर माझं एक मत बनलं आहे. विद्यापीठाच्या वेबसाइटचं पहिलं पान आणि आपल्याकडची लग्नपत्रिका यांची घडण एकाच हातची आहे. सगळ्यात वर कुलदैवत, म्हणजे बोधचिन्ह आणि त्याखाली संस्कृत बोधवाक्य. मग कैलासवासी आजोबा, म्हणजे संस्थापकांचं हार घातलेलं छायाचित्र. मग निमंत्रक मंडळी: मा. कुलपती, मा. कुलगुरू, मा. प्र-कुलगुरू, मा. कुलसचिव. क्रम मानाचा. तो चुकला तर रुसवेफुगवे, आणि रुसलेल्या मामाची समजूत काढायला कुणालातरी जावं लागतं. मग ‘आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं’ छापाचा लाडिक मजकूर, ज्याला इथे व्हिजन आणि मिशन म्हणतात. आणि ज्यासाठी माणूस पत्रिका उघडतो तो मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता, म्हणजे प्रवेशाची शेवटची तारीख आणि फी, सगळ्यात खाली, डोळ्यांना ताण देणाऱ्या अक्षरात. पत्रिकेत निदान ‘कृपया आहेर आणू नये’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. इथे आहेर नेमका किती आणायचा, हे शेवटपर्यंत कळत नाही.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं नाही. २०१० साली रँडल मन्रो या अमेरिकन व्यंगचित्रकाराने आपल्या ‘एक्सकेसीडी’ मालिकेत एकमेकांना छेदणारी दोन वर्तुळं काढली. एकात विद्यापीठाच्या वेबसाइटच्या पहिल्या पानावर काय असतं ते, दुसऱ्यात लोक तिथे काय शोधायला येतात ते. दोन्हीत सामाईक निघाली एकच गोष्ट: विद्यापीठाचं पूर्ण नाव. हे चित्र मी प्रत्येक नव्या बैठकीत आवर्जून दाखवतो. सगळे खळखळून हसतात. ‘अगदी खरंय हो’ म्हणतात. आणि मग दीक्षान्त समारंभाचा फोटो स्लायडरमध्ये कितवा यावा, यावर चर्चा सुरू होते.

स्लायडर म्हणजे पानाच्या माथ्यावर आपोआप सरकणारी चित्रं. एकाच जागेवर सात विभागांनी हक्क सांगितला की स्लायडर जन्माला येतो. ग्रंथालय, क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, नॅकच्या समितीची भेट, वृक्षारोपण. पहिल्या चित्रापुढे फारसं कुणी बघत नाही, हे सांगून उपयोग होत नाही, कारण मग ते पहिलं चित्र कुणाचं, हा नवा तंटा उभा राहतो. स्लायडरच्या खाली सरकती पट्टी, पट्टीवर तीन वर्षांपूर्वीचं परिपत्रक आणि त्याच्या शेजारी लुकलुकणारं लाल ‘न्यू’. ते लुकलुकणं कोण सुरू करतं ते मला माहीत आहे. बंद कोण करतं, याचा पत्ता मला अजून लागलेला नाही. बहुधा ते पद रिक्त असावं.

जेकब नील्सन नावाचा वेबसाइटींच्या वापराचा जाणकार आहे. लोकांची नजर पडद्यावर कुठे कुठे फिरते, याचा त्याने यंत्राने माग काढला आणि २००६ साली सांगितलं, की माणसं वेबपान वाचत नाहीत, चाळतात. वरच्या एक-दोन ओळींवर आडवी नजर टाकतात आणि मग डाव्या कडेने खाली घसरतात. इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी ती वाट. म्हणजे जे सांगायचं ते डावीकडे, वर. मी हे सगळं नकाशा काढून समजावून सांगितलं. सर्वांनी माना डोलावल्या. पुढच्या आराखड्यात डावीकडे वर कुलगुरूंचा फोटो होता.

मुळात गफलत जागेची आहे. हे पान ज्या बैठकीत मंजूर होतं, ती भरते वातानुकूलित सभागृहात आणि पान दिसतं प्रोजेक्टरवर, भिंतीएवढं. त्या आकारात काहीही भारदस्तच दिसतं. ते प्रत्यक्षात उघडलं जातं ते काच तडकलेल्या मोबाइलवर, एका अंगठ्याने, बहुधा रात्री जेवणं आणि भांडी आटोपल्यावर. कधी एसटीत उभ्याने, कधी रात्रपाळीच्या टेबलाशी, साहेब फेरीवर येऊन गेल्यानंतर. भिंतीवर देखण्या दिसणाऱ्या त्या स्लायडरमधले मान्यवर मोबाइलवर चारोळीएवढे होतात आणि शेजारच्या पाहुण्यांचा अर्धा पुष्पगुच्छ तेवढा ओळखू येतो.

या अंगठेवाल्या माणसाबद्दल मला कुतूहल आहे. तो किंवा ती अठरा वर्षांची क्वचितच असते. अठराव्या वर्षी माणसाला कँटीन हवं असतं, मैत्रिणी हव्या असतात, घरच्यांपासून चार तास सुटका हवी असते. ऑनलाइन पदवीच्या पानावर येणाऱ्याचं कॉलेज कधीतरी मागे पडलेलं असतं. वडील गेले, लग्न ठरलं, गणितात राहिलं, धंद्यात घातलं. आता खात्यात बढतीसाठी पदवी लागते, किंवा मुलगी दहावीला गेली आणि तिच्या पुस्तकांना कव्हर घालताना आईला आपलं राहिलेलं बी.ए. आठवलं. ही माणसं काही प्रश्न मनात धरून येतात आणि ते प्रश्न मोठ्याने विचारण्याची त्यांना लाज वाटते. जुन्या वेबसाइटच्या शोधपेटीत लोकांनी काय काय टाइप केलं होतं, याची यादी मला एका ठिकाणी बघायला मिळाली. ‘स्पर्धा परीक्षेला चालते का’. ‘बारा वर्षं गॅप आहे चालेल का’. ‘इंग्लिश येत नाही’. शेवटचा तर प्रश्नसुद्धा नाही. एका माणसाने विद्यापीठाच्या शोधपेटीत नुसतं खरं सांगून टाकलं होतं. पेटीने उत्तर दिलं: शून्य निकाल.

यावर विद्यापीठाकडे काय होतं? ‘जागतिक दर्जाचा, अत्याधुनिक, सर्वसमावेशक आणि भविष्यवेधी शिक्षणानुभव’ असं एक वाक्य होतं. त्यातलं एकेक विशेषण एकेका प्राध्यापकाने सुचवलेलं असल्यामुळे कुठलंच काढता येत नव्हतं.

फोटोचंही तसंच. अशा पानावर एक बाई असते. लॅपटॉपकडे बघून ती हसत असते. माणसं लॅपटॉपकडे बघून कपाळाला आठ्या घालतात, जांभया देतात, क्वचित रडतातसुद्धा. हसताना मी तरी फारसं कुणाला पाहिलेलं नाही. पण ही हसते. तिच्या टेबलावर एक कुंडी, एक कॉफीचा मग, मागे पांढरीशुभ्र भिंत. त्या घरात दुसरं कुणी राहत नाही, कपडे वाळत नाहीत, शेजारी ड्रिल मशीन चालवत नाहीत. ही छायाचित्रं विकत मिळतात आणि कुणालाही मिळतात, त्यामुळे हीच बाई मला एका विमा कंपनीच्या आणि एका दातांच्या दवाखान्याच्या पानावरही भेटली. दवाखान्यात तिचं हसणं शोभून दिसत होतं.

आम्ही सुचवलं, आपल्याच विद्यार्थ्यांचे फोटो घेऊ आणि त्यांचं मनोगतही. मग आधीच्या तुकड्यांतल्या काही जणांना मी फोन केले. विद्यापीठाच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या तरुणाला ‘या पदवीने माझं आयुष्य बदलून गेलं’ असं काहीतरी हवं होतं. कुणीच तसं म्हणेना. एक अंगणवाडी सेविका म्हणाल्या, “व्हिडिओ थांबवता येतो ते बरं आहे. वर्गातल्या सरांना थांबवता आलं नसतं.” त्या ऐकायच्या कशा, तर एका कानात इअरफोन, दुसरा कान कुकरच्या शिट्ट्यांसाठी मोकळा. पोलिस खात्यातले एक जण म्हणाले, बंदोबस्तात व्हॅनमध्ये बसून दोन पेपरांचा अभ्यास झाला. आणि एका गृहस्थांना मी खोदून खोदून विचारलं, सगळ्यात काय आवडलं, तेव्हा बराच विचार करून ते म्हणाले, “हॉल तिकीट वेळेत आलं.” विद्यापीठांशी ज्याचा कधी संबंध आलेला आहे, त्याला कळेल, यापरतं प्रशस्तिपत्र नाही. मी ते ठळक अक्षरात घ्या म्हणालो. तरुणाने माझ्याकडे दयेने पाहिलं.

मजकुरात त्याला आणखी एक गोष्ट हवी होती: हे सगळं आजच उगवलं आहे असं वाटलं पाहिजे. ‘शिक्षणातली नवी क्रांती’. आता, घरबसल्या पदवी ही काही काल-परवाची कल्पना नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून परीक्षा, पुरुषांपुरती का होईना, कुणालाही खुली केली. तुम्ही कुठे शिकलात, शिकलात की नाही, हे न विचारता. म्हणजे मुंबई विद्यापीठ स्थापन होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. टपालाने जाडजूड पाठ यायचे आणि ते न उघडता नीट रचून ठेवण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे. आजच्या न पाहिलेल्या व्हिडिओंनी ती पुढे चालवली, एवढंच.

इंग्लंडच्या ओपन युनिव्हर्सिटीची गोष्ट मला विशेष आवडते. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या डोक्यातली कल्पना जेनी ली यांनी तडीला नेली. या बाई स्कॉटलंडच्या खाणकामगाराच्या लेक. १९६९ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये शिकवणं सुरू झालं. जेनी ली यांचा आग्रह एकच होता, की कामगारांसाठी म्हणून हलक्या दर्जाची पदवी काढायची नाही. पदवी इतरांची असते तशीच असली पाहिजे. पाठ बीबीसीवर दाखवायचे आणि त्यांना वेळ मिळायची भल्या पहाटे किंवा मध्यरात्री. रुंद टाय आणि दाट दाढ्यांचे प्राध्यापक फळ्यावर समीकरणं मांडताहेत आणि समोर पहाटे उठलेला कुणी बस-ड्रायव्हर वही घेऊन बसला आहे. २००६ च्या अखेरीपर्यंत हे चालू होतं. त्या प्राध्यापकांना आज कुठल्याही जाहिरातवाल्याने पडद्यावर येऊ दिलं नसतं. टायवरूनच नापास केलं असतं.

आणि आपलं नाशिकचं मुक्त विद्यापीठ. १९८९ साली यशवंतराव चव्हाणांच्या नावाने सुरू झालेलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. नंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचीही धुरा त्यांनी सांभाळली. शेतकरी, गृहिणी, पोलिस, कारखान्यातले कामगार अशा माणसांना पदवीच्या वाटेवर आणणं हेच त्याचं काम. शाळा सुटलेल्यांसाठी तिथे एके काळी पूर्वतयारी नावाचा एक छोटा शिक्षणक्रम असे; तो केला की पदवीचं दार उघडायचं. त्याचं घोषवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’. माझ्या धंद्याच्या नजरेने बघितलं, तर या क्षेत्रात मराठीत याहून चांगली ओळ अजून कुणी लिहिलेली नाही. काय मिळेल आणि कुठे मिळेल, दोन शब्दांत. ना जागतिक दर्जा, ना भविष्यवेध. तेव्हा वेबसाइट नव्हती, म्हणून बहुधा समितीही बसली नसावी.

असं सगळं मी सांगतो तेव्हा कुलसचिव मॅडम मायेने ऐकून घेतात आणि म्हणतात, “छान माहिती दिलीत. ‘क्रांती’ ठेवूया ना?”

मॅडमचा खरा जीव अडकलेला असतो नियमांत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. ऑनलाइन पदवी हे कुणीही उठून सुरू करावं असं दुकान नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम आहेत, त्यांत बसणाऱ्या संस्थेलाच ती देता येते. सगळ्याच विषयांची देता येत नाही. अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, औषधनिर्माण, आर्किटेक्चर, कायदा, शेती हे विषय तिथे वर्ज्य आहेत. तरीही ‘ऑनलाइन एलएल.बी. आहे का?’ हा फोन रोज येतो आणि त्यातला एखादा तरी माणूस ‘नाही’ म्हटल्यावर वकिलासारखा वाद घालतो. त्याची बुद्धी वाया चालली आहे, हे खरंच.

पण याच नियमांत एक ओळ अशी आहे की तिच्यासाठी माणूस रात्री अकरा वाजता या पानावर येतो. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असं आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ‘चालते का?’ या धास्तावलेल्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. ते आमच्या त्या वेबसाइटवर होतं का? होतं. ‘परिपत्रके’ या सदरात, एका पीडीएफमध्ये, आडवं स्कॅन केलेलं. मान वाकडी करून वाचावं लागत होतं. आम्ही ती ओळ उचलून सरळ केली आणि वर आणून ठेवली. या कामात मी विद्यापीठासाठी काही भरीव केलं असेल, तर ते हे एवढंच.

‘एका क्लिकवर प्रवेश’ ही ओळ मात्र मी खोडली, कारण ती धडधडीत खोटी होती. आता विद्यार्थ्याला आधी आधार, मग डिजीलॉकर, त्यातून क्रेडिट बँकेचा एबीसी आयडी, तो घेऊन आयोगाच्या पोर्टलवर जाऊन २०२४ पासून लागू झालेला डीईबी आयडी, आणि त्यानंतर विद्यापीठाचा अर्ज, असा प्रवास करावा लागतो. बनावट प्रवेशांना आळा बसावा म्हणून हे आहे आणि त्याची गरजही आहे. पण वाटेत प्रत्येक मुक्कामावर एक ओटीपी येतो, आणि आधारला जोडलेला नंबर गावाकडे राहिलेल्या भावाच्या फोनमध्ये असतो. नालंदाचा पंडित निदान विषयातलं विचारायचा.

जाहिरातवाल्या तरुणाचं आणि माझं खरं वाजलं ते घड्याळावरून. त्याला पानाच्या वरच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ हवं होतं आणि शेजारी ‘फक्त ९ जागा शिल्लक’. मी विचारलं, ऑनलाइन वर्गातली दहावी जागा कुठे गेली? बाक मोडलं का? तो म्हणाला, “सर, अर्जन्सी क्रिएट करावी लागते.” हे करायचं नसतं, असं आता सरकारनेच सांगितलेलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे पडद्यावरच्या फसव्या रचना रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांना अशा तेरा प्रकारांची यादी जोडली. खोटी घाई दाखवणं त्यातच आहे. किंमत तुकड्यातुकड्याने सांगत नेणं, म्हणजे आधी फी, मग परीक्षा फी, मग ‘इतर’, हेही त्यातच. नकार देणाऱ्याला लाजवणं हा आणखी एक प्रकार. त्या तरुणाच्या आराखड्यात माहितीपत्रकाच्या खिडकीवर दोन बटणं होती: एकावर ‘हो, मला प्रगती करायची आहे’, दुसऱ्यावर ‘नको, मी आहे तिथेच बरा आहे’. हे वाचून मला त्या दुसऱ्या बटणाबद्दल फार ओढ वाटली. संतवृत्तीच्या माणसासाठी इतकी नेमकी सोय कुठल्याच वेबसाइटने केलेली नसेल.

माहितीपत्रकाबद्दलही दोन शब्द. ते ‘डाउनलोड करा’ म्हटलं की नाव, नंबर, शहर, ओटीपी. ते भरलं की पीडीएफ उघडायच्या आत फोन वाजतो. पलीकडे काउन्सेलर. त्यांच्या भाषेत आता तुम्ही माणूस उरलेला नसता, लीड असता. गरम, कोमट किंवा गार. मी स्वतः एकदा चाचणीसाठी एका भलत्याच संस्थेच्या पानावर नंबर टाकला होता. त्यानंतर मला अशा अभ्यासक्रमांसाठी फोन आले की जे त्या संस्थेत नव्हतेच. एक काउन्सेलर मुलगी फार गोड होती. मी तिला म्हटलं, अहो, मीच असली पानं लिहितो. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग सर, डिजिटल मार्केटिंगमध्ये एमबीए करा ना. तुम्हाला स्कोप आहे.”

आमच्या पानावर माहितीपत्रक नंबर न मागता उघडतं. यासाठी मी किती भांडलो ते सांगत नाही, कारण निर्णय त्यामुळे झालाच नाही. ओटीपीचे पैसे कुठल्या खात्यातून द्यायचे हे ठरेना, म्हणून तो राहिला.

शेवटची बैठक अभ्यासाच्या तासांवर होती. ‘नोकरी सांभाळून सहज’ असं एक वाक्य पानावर होतं. मी म्हटलं, सहज म्हणजे किती? कुणालाच सांगता येईना. हिशेब तर उघड आहे. एका क्रेडिटला विद्यार्थ्याचा तीस तासांचा अभ्यास धरतात. दोन वर्षांची, ८० क्रेडिटची पदव्युत्तर पदवी म्हणजे २४०० तास. आठवडे १०४. भागाकार केला तर आठवड्याला तेवीस तास. तीन वर्षांची १२० क्रेडिटची पदवी घेतली तरी आकडा तोच येतो. सभागृहात शांतता पसरली. इतकी वर्षं विद्यापीठ चालवणाऱ्या मंडळींनी हा भागाकार आजवर कधी केला नव्हता, असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं. एका प्राध्यापकांनी तर मोबाइलवर पुन्हा करून पाहिला.

मी म्हटलं, हे लिहूया. ‘आठवड्याला साधारण तेवीस तास अभ्यास धरलेला आहे. तुम्हाला तेवढे काढता येतील का, ते आधी बघा.’

“सर, हे वाचून कुणी फॉर्म भरेल का?” तरुण कळवळला. “निदान ‘दिवसाला फक्त तीन तास’ म्हणूया.”

“तीन सत्ते एकवीस,” प्राध्यापक म्हणाले. “दोन उरतात.”

“ते रविवारी.”

मॅडमनी ‘फक्त’ ठेवायचा की काढायचा यावर मतं मागवली. मतं समसमान पडली. ‘सहज’ गेला तर ‘सुलभपणे’ चालेल का, अशी एक सूचना आली. कुणीतरी म्हणालं, तास लिहायचे तर मिनिटंही लिहा, अचूक वाटतं.

परीक्षा विभागाचे एक सर पहिल्या बैठकीपासून कोपऱ्यात बसून होते. स्लायडर, घड्याळ, क्रांती, कशावरही ते एक शब्द बोललेले नव्हते. आम्हाला वाटत होतं, ते चहापुरते येतात. त्यांनी चष्मा पुसला.

“तेवीस तास लिहा,” ते म्हणाले. “मोठ्या अक्षरात लिहा. ‘सहज’ वाचून आलेले सगळे जण परीक्षेच्या आदल्या रात्री मला फोन करतात. अभ्यासक्रम कुठे मिळेल, विचारतात.”

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. ओळ राहिली. मॅडमनी तसं इतिवृत्तात घ्यायला सांगितलं. मग तरुणाने, हार मानायची नाही म्हणून, सुचवलं की ओळीखाली ‘अधिक मार्गदर्शनासाठी’ असं लिहून परीक्षा विभागाचा मोबाइल नंबर द्यावा. सर उठून उभे राहिले. संपूर्ण कामात विद्यापीठाच्या वतीने एवढा ठाम, एकमुखी आणि तत्काळ नकार आम्हाला दुसऱ्या कशालाच मिळाला नाही.